कोणापेक्षा?

भाचीच्या वहीत परवा एव्हरेस्ट तीनदा चढलेलं दिसलं. ‘हायेस्ट’, मग ‘हायर दॅन एनी अदर’, मग ‘नो अदर माउंटन’. अर्थ तोच, डिग्री बदला. तीही न अडखळता बदलत होती. वर मला म्हणाली, “मामा, मराठीला डिग्रीच नसते. बाई म्हणाल्या.”

ते मला झोंबलं. टॉल-टॉलर-टॉलेस्ट, ब्यूटिफुलला मात्र मोअर, गुडचं अचानक बेटर, हे सगळ्यांचं पाठ आहे. माझा मुद्दा वेगळा. इंग्रजीत तुलनेची खूण विशेषणाच्या अंगावर उमटते. मराठीत ‘उंच’ तो उंचच राहतो. ‘पेक्षा’ चिकटतो तो शेजाऱ्याला.

बाईंना हेही सांगायला हवं की आपल्या घरात डिग्री होती, आपणच ती मोडीत काढली. संस्कृतातलं ‘स्वादिष्ठ’ म्हणजे सर्वांत गोड. इंग्रजी ‘स्वीटेस्ट’ त्याचं सख्खं भावंड. ‘इष्ठ’ आणि ‘एस्ट’ एकाच मुळातले. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, सगळे शेवटच्या पायरीवरचे. ती पायरी विसरून आपण ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो, खानावळीच्या पाटीवर ‘अतिशय स्वादिष्ट’ रंगवतो. अर्थात इंग्रजांनी हसू नये. शेक्सपिअरनंही ‘एस्ट’च्या डोक्यावर ‘मोस्ट’ चढवलेला आहे. रॉबर्ट लोथनं १७६२च्या व्याकरणात असल्या दुहेरी तुलनेला चूक ठरवलं, तेव्हा शेक्सपिअर ऐकायला नव्हता.

तर बाई, डिग्री नसणं हा मराठीचा प्रामाणिकपणा आहे. साबणवाला इंग्रजीत नुसतं ‘व्हाइटर’ म्हणून सुटतो. मराठीतही ‘अधिक शुभ्र’ म्हणून निसटता येतं, नाही असं नाही; पण ‘पेक्षा’ तोंडात आला की नाव घ्यावंच लागतं.

इथवर मी खुशीत होतो. मग आठवलं, ते नाव घरात कुणाचं असायचं. माझे गणितातले मार्क कधी नुसते कमी नव्हतेच. ते कायम समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलापेक्षा कमी. तो बिचारा आमच्या जेवणात रोज हजर असे, आणि त्याला पत्ताही नसे. ‘बेटर’ला असा माणूस लागत नाही. साबणवाल्याची ती पळवाट पोराच्याही कामाची आहे, हे बाईंशी भांडता भांडता मला कबूल करावं लागतंय.

काल भाचीचा पेपर झाला. कसा गेला विचारलं, तर म्हणाली, “बेटर.”

‘कोणापेक्षा?’ अगदी ओठांवर आलं होतं. चहाबरोबर गिळलं.