वारशाला काम हवे

अलीकडच्या काळात मराठी माणसाला अभिमानाचे दोन मोठे प्रसंग लाभले. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. 11 जुलै 2025 रोजी मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले शिवनेरी, लोहगड आणि राजगड पुणे जिल्ह्यातले. पेढे वाटले गेले, चौकाचौकांत फलक लागले. आनंद रास्तच होता. पण दर्जा मिळाला म्हणून वारसा टिकतोच असे नाही. तो टिकतो कशाने, हा प्रश्न पुण्याइतका दुसऱ्या कोणत्या शहराला विचारावा? जपण्याचे बहुतेक प्रयोग इथे होऊन गेले आहेत, जमलेले आणि फसलेलेही.

सुरुवात पेशवे दप्तरापासून करू. पुणे पुराभिलेखागारात कापडात बांधलेल्या रुमालांमध्ये काही कोटी कागद आहेत, बहुतेक मोडीतले. 1818 साली पेशवाई बुडाली तेव्हा हे कागद जाळून टाकणे इंग्रजांना अवघड नव्हते. त्यांनी ते सांभाळले, आणि त्यामागे इतिहासाचे प्रेम नव्हते. कोणत्या गावाचा वसूल किती, कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे बनावट, हे त्या कागदांवाचून ठरत नव्हते. 1852 नंतर इनाम कमिशनने गावोगावच्या इनामदारांना सनदा दाखवायला लावल्या, तेव्हा ताळा पाहायला हेच दप्तर उघडले गेले. वसुलीला कागद हवा होता, म्हणून कागद जगला.

अभ्यासकांना मात्र हे दप्तर दीर्घकाळ बंदच होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरची दप्तरे धुंडाळत राहिले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली निघाला, आणि 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. सरकारी दप्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 45 खंडांत छापले गेले, ते 1930 नंतरच्या काही वर्षांत. म्हणजे कागद जपणारे एक आणि त्यांना बोलते करणारे दुसरे. या दोन कामांमध्ये शंभरेक वर्षे गेली.

मोडीचे दुखणे याच्या नेमके उलट आहे. आधी आडव्या रेषा ओढून घ्यायच्या आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्यांना अक्षरे लटकवत जायचे, अशी ही कारकुनाच्या घाईची लिपी. शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा जाच नाही. छापखान्याने बालबोध उचलली, पुढे टंकलेखन यंत्र आले, विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळेतूनही मोडी गेली. तिला कोणी मारले नाही. तिच्याकडचे काम काढून घेतले गेले, एवढेच. आज कागद शाबूत आहे, त्याचे स्कॅनिंगही होते आहे, पण तो घडाघडा वाचणारा माणूस शोधावा लागतो. वाचता न येणारा कागद संगणकात साठवला म्हणून वाचता येऊ लागत नाही. संगणकाला मोडी शिकवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. पण त्याने बरोबर वाचले की चूक, हे सांगायला मोडी जाणणारा माणूसच लागणार.

आणि मग 2023 साल आले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. महसुली कागद, शाळांची जुनी रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या नोंदी बाहेर निघाल्या, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची शोधाशोध सुरू झाली. ज्यांना घरचे ‘याचा उपयोग काय?’ म्हणून टोकत होते, त्यांना एकाएकी कलेक्टर कचेरीतून बोलावणी येऊ लागली. लिपी बचावच्या आजवरच्या आवाहनांना जे साधले नव्हते, ते एका प्रशासकीय गरजेने साधले.

माझे म्हणणे या घटनेत सामावलेले आहे. वारसा टिकतो तो त्याच्याकडे कोणाचे तरी काम असते म्हणून. आदर त्यानंतर येतो, आणि पुष्कळदा उशिराच येतो.

यावर आक्षेप असा की उपयोगाच्या तागडीत संस्कृती तोलायची का? आक्षेप खोटा नाही. 2023 ची शोधाशोध ‘कुणबी’ या एका शब्दासाठी होती. त्याच पानावरच्या बाकीच्या मजकुराशी कोणाला कर्तव्य नव्हते. गरज डोळ्यांना झापड लावून येते. दुसरीही एक अडचण आहे. ढोल-ताशाचेच पाहा. ही परंपरा वाचवा असे पुण्यात कोणाला सांगावे लागत नाही. गणेशोत्सवाआधी कित्येक आठवडे नदीकाठी सराव चालतो, नोकरी करणाऱ्या मुली कमरेला ढोल बांधून उभ्या राहतात. पण परंपरा जिवंत असली की ती आपल्या सोयीने वागत नाही. पथके फुगली, आवाज वाढला. 2024 मध्ये हरित लवादाने एका पथकात 30 जणांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. काम मिळालेली परंपरा बदलते, गोंगाटही करते. तिची चाल ठरवण्याचा हट्ट धरणाऱ्याने संग्रहालयात जावे.

हे मी संग्रहालयांना हिणवून म्हणत नाही. दिनकर केळकर यांनी जमवलेले अडकित्ते, दिवे, दौती आज राजा केळकर संग्रहालयात पाहताना त्यांचे ऋण वाटते. पण ते सन्मानाने सेवानिवृत्त झालेल्या वस्तूंचे घर आहे. अडकित्ता तिथे सुखरूप आहे; तसा अडकित्ता घडवणारा हात तिथे नाही.

तो हात पाहायचा तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जावे. पेशवाईच्या आश्रयाने इथे वसलेल्या तांबटांच्या हातोडीचा ठोका अजून ऐकू येतो. घंगाळ, हंडे, पाण्याचे बंब ही पुणेरी घरांची गरज होती, तोवर आळीला काळजी नव्हती. स्टील आले, गॅस गिझर आले आणि बंब अडगळीत गेला. अलीकडे तांब्याच्या मठारलेल्या वस्तू शहरी दिवाणखान्यांत शोभेला आल्या, त्याने थोडी धुगधुगी राहिली. पण पोराने बापाची हातोडी उचलावी की नाही, हा हिशेब तो पोर घालतो, आणि घालणारच. परंपरेच्या नावाने त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा करायची आणि आपण स्टीलचे पिंप घ्यायचे, हा दुटप्पीपणा आहे.

बाजार जे काम देत नाही, ते संस्थेने द्यायचे असते, आणि याचेही उदाहरण पुण्यातच आहे. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 साली सुरू झाले आणि 1966 साली पुरे झाले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याची पद्धत घालून दिली; 1943 साली ते गेले, तरी काम थांबले नाही. डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत महाकोशाचे काम 1948 पासून सुरू आहे आणि अजून ‘अ’ संपलेला नाही. हसणारे हसतात. मला त्यात शहाणपण दिसते. आपल्या हयातीत न संपणारे काम हाती घ्यायचे तर पुढचा माणूस तयार करावाच लागतो. त्याला शिकवावे लागते, बसायला जागा आणि पगार द्यावा लागतो. पिढीकडून पिढीकडे जाणे म्हणजे व्यवहारात एवढेच असते.

मग करायचे काय? इतिहासाच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने एक तरी अप्रकाशित मोडी कागद वाचून, लिप्यंतर करून द्यावा, असा नियम विद्यापीठाला अवघड नाही. सरकारने आपल्या रुमालांच्या लिप्यंतराचे काम पानामागे ठरलेल्या मानधनावर नियमित द्यावे. कुणबी नोंदींसाठी जे घाईत जमले, ते सवडीने का जमू नये? आणि ज्या शहरात रोज संध्याकाळी कोणा ना कोणाचा सत्कार होतो, तिथे फायबरच्या स्मृतिचिन्हाऐवजी तांबट आळीतला तांब्या दिला तरी पुष्कळ घरे चालतील. यातले काहीच भव्य नाही, कशालाही युनेस्कोची परवानगी लागत नाही. अंदाजपत्रकात एक ओळ मात्र लागते. पुढच्या वेळी कोणी व्यासपीठावरून वारशाचा गौरव करू लागले, की त्या ओळीचा आकडा विचारावा.