मांडव आमचा, सामना त्यांचा

पुण्याजवळच्या आमच्या रावेतहून बालेवाडीचं क्रीडासंकुल फार दूर नाही. ३ फेब्रुवारी २०२२ ला तिथे महिला फुटबॉलच्या आशियाई चषकाचा उपांत्य सामना रंगला आणि चीनने जपानला पेनल्टीवर हरवलं. कोरोनामुळे प्रेक्षकांना मज्जाव होता. नसता, तरी रावेतमधून किती जण गेले असते? मी तरी गेलो असतो का?

भारतीय संघ तोवर बाहेर पडला होता, तोही न हरता. संघात कोरोना शिरला आणि २३ जानेवारीला चिनी तैपेईसमोर नियमापुरत्या तेरा जणीही उभ्या करता आल्या नाहीत. इराणशी झालेली बरोबरीसुद्धा मग हिशेबातून पुसली गेली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात भरला. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश होता. भुवनेश्वरला तीन सामन्यांत आपण सोळा गोल खाल्ले, केला एकही नाही. पहिल्यांदाच आलेल्या मोरोक्कोनेही आपल्याला ३-० ने हरवलं. नायजेरियाच्या पोरींनी मात्र नवी मुंबईत अमेरिकेला पेनल्टीवर घरी पाठवलं, गोव्यात कोलंबियाकडून पेनल्टीवरच हार पत्करली आणि पुन्हा नवी मुंबईत जर्मनीविरुद्ध तीन गोलांची आघाडी हातची गेल्यावरही पेनल्टीवर कांस्यपदक खेचून आणलं.

नायजेरियाला मखरात बसवायचं कारण नाही. तिथल्या मोठ्या संघाने २००४ मध्ये आफ्रिकेचं अजिंक्यपद जिंकलं आणि थकलेल्या पैशांसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या हॉटेलात ठिय्या मांडला. २०१६ मध्ये जिंकूनही तेच करावं लागलं. तरी १९९१ ते २०२३ या काळातला एकही महिला विश्वचषक त्यांनी चुकवलेला नाही. पैसे बुडवणारे तिथेही आहेत, पण एक पिढी थकली की तिची जागा घ्यायला पुढची तयार असते. आपण स्टेडियम सजवतो, पाहुण्यांची सरबराई चोख करतो आणि यालाच खेळ वाढवणं म्हणतो. मांडव घातला म्हणून घरात नवरी येत नाही.

आमच्या सोसायटीमागे तासावर भाड्याने मिळणारं टर्फ आहे. संध्याकाळी सगळी मुलग्यांची गर्दी. मुलींची बॅच का नाही, असं विचारल्यावर चालवणारा म्हणाला, "काका, बारा-तेरा जणी जमवा, सोमवारपासून सुरू करतो."

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. सात नावं आली. त्यातल्या दोघींची त्याच वेळेला ट्यूशन होती.