मोहाच्या फुलाला दोष देण्याआधी

सोयाबीन सोंगणीला आलं, हरभरा काढायला आला, की मेळघाटातली कोरकू पोरं सातपुडा उतरून अकोला जिल्ह्याच्या सपाटीवर येतात, बाळापूरकडच्या शिवारांपर्यंत. त्यांच्यातला एखादा दारूपायी गेला, की 'त्यांच्यात चालतंच' म्हणून आपण हात झटकतो. हे बोलणं क्रूर आहे, आणि खोटंही. कोरकूंच्या मोहाच्या दारूला जागा ठरलेली आहे: देवापुढे, पितरांना, लग्नात, म्हाताऱ्यांच्या देखत. फाट्यावरच्या देशी दुकानात ना देव, ना पितर, ना टोकणारं कुणी. हातात हप्त्याची मजुरी आणि डोक्यावर उचल, एवढंच. पोरं चालीरीतींनी बिघडत नाहीत, त्या सुटल्या की एकटी पडतात.

कॅनडात चँडलर आणि लालोंड या संशोधकांनी १९९८ मध्ये आत्महत्यांबाबत असंच काही दाखवलं. ब्रिटिश कोलंबियातल्या आदिवासी तरुणांच्या आत्महत्या सगळीकडे सारख्या नव्हत्या. कित्येक समूहांत वर्षानुवर्षं एकही नव्हती. कारभार, शाळा, जमिनीचा लढा, सांस्कृतिक केंद्रं जिथे लोकांच्या स्वतःच्या हाती होते, तिथे पोरं तगली होती.

रीत आतूनच कशी बदलते, याला आपल्याकडे गाडगेबाबा आहेत. वडील दारूपायी गेले, बाबा मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडे वाढले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत ही रीत. त्यांनी गोडाचं जेवण घातलं. बारसं झालं, जातभाई जेवले, दारू तेवढी गेली. बाहेरून येऊन कुणी हे सांगितलं असतं तर ऐकलं असतं का? मला नाही वाटत.

'विश्राम' या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पानंही अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावातलीच माणसं तयार केली. २०१७ च्या अभ्यासात आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलेलं दिसलं.

पण सपाटीवरची माणसं मराठी बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. टेली-मानस या मानसिक मदतीच्या सरकारी सेवेचा १४४१६ क्रमांक प्रत्येक पोराला माहीत हवाच. तरी मनातलं दुःख परक्या भाषेत सांगणं अवघड. हंगामात बाळापूरच्या सरकारी दवाखान्यात कोरकू बोलणारं एक माणूस बसवावं. आणि शेतकऱ्यांनी, मुकादमांनी होळीआधी हिशेब चुकते करून पोरांना डोंगरात जाऊ द्यावं. होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण. तिथे गदली-सुसून हा नाच नाचताना त्यांच्यावर नजर ठेवणारी म्हातारी माणसं असतात.