चावऱ्या पोपटाचं पाप

कुत्रा चावला तर माणूस इंजेक्शन घ्यायला धावतो; पोपट चावला तर न्यायनिवाडा करायला बसतो. "पेरू दिला, डाळ भिजवून घातली, आणि मेला उलटला!" रोह्याला ताईच्या ओटीवर गेलो की हे ऐकावंच लागतं. भावोजी माळकरी. रोज हरिपाठ म्हणतात, मिठूलाही 'रामराम' म्हणायला त्यांनीच शिकवलं. बोटाला हळद दाबून ते मला विचारतात, "जिभेवर रामनाम असून ही बुद्धी का रे व्हावी?" ताईचं उत्तर तयार असतं: मागच्या जन्मीचं देणं, दुसरं काय!

मी पेणचा. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. बुबुळ केसभर वर गेलं की कृपाळू मूर्ती एकदम डोळे वटारून बघायला लागते. त्यामुळे दिवा-रोहा गाडीने ताईकडे पोचलो की मी आधी मिठूच्या डोळ्यांकडे बघतो. भावोजींचा हात वाटी बदलायला दारातून आत शिरतो, तशी त्याची काळी बाहुली टिंबाएवढी होते, पसरते, पुन्हा आवळते. मानेची पिसं फुलतात. अंग मागच्या सळईला टेकतं. मग तो चोच उघडून नुसती हूल देतो, चावत नाही. भावोजींचा हात तरीही पुढेच. मग मात्र कडाडून चावतो. म्हणजे 'नको' हे त्याने चार वेळा सांगून झालेलं असतं. आपल्याला त्याचं फक्त 'रामराम' ऐकू येतं.

रानातल्या पोपटाला भांडत बसायची गरज नसते. भीती वाटली की तो उडतो, विषय संपला. मिठूचे पंख विकणाऱ्यानेच कातरले होते आणि ताई अजून ते वाढू देत नाही. पळायची वाट बंद झाली की चोच उरते. एकदा चावल्यावर हात झटकन मागे जातो हे त्याला कळलं, आणि तेव्हापासून ताई म्हणते तो चावरा झाला. शिकवलं कुणी? बरं, चोच हा त्याचा हातही आहे. दांडीवरून तुमच्या बोटावर यायचं तर तो आधी बोट चोचीने चाचपतो, भार पेलेल का ते बघतो. आपण दचकून बोट काढलं की त्याचाही विश्वास उडतो. त्यात गळ्यात कंठ फुटल्यावर तो वयात आलेला असतो. माघ-फाल्गुनात, विणीच्या दिवसांत, कालचा लाडका मिठू ओळख दाखवत नाही. यात ना कृतघ्नपणा, ना पूर्वजन्म.

पण भावोजी सहज हार मानणारे नव्हेत. त्यांनी ज्ञानेश्वरी काढली, सहावा अध्याय. पारध्याने टांगलेल्या नळीवर पोपट बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा लटकतो आणि पडण्याच्या भीतीने ती आणखीच घट्ट धरतो. बांधलेलं कुणीच नसतं, तरी त्याला वाटतं आपण अडकलो. जीव स्वतःच स्वतःला असा बांधून घेतो, असं माउली सांगतात. "बघ," भावोजी म्हणाले, "सोडायचं असतं ते आपणच."

दृष्टान्त अचूक आहे, पण तो माणसाला सांगितलेला आहे. आमच्या मिठूने दांडी सोडली तर तो फार तर खालच्या पत्र्यावर पडेल. इथे नळी धरून लटकलं आहे ते 'माझा मिठू' म्हणणारं माणूस. चावल्यावर बोटाचं रक्त थांबतं, पण 'मी एवढं केलं आणि मलाच?' हे काही थांबत नाही. क्रोध तिथे आहे, अहंकार तिथे आहे. पक्ष्याकडे आहे ती भीती. तिला पाप म्हणायचं तर मांजर बघून उडणाऱ्या चिमणीलाही म्हणावं लागेल.

आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. गजाआड बसूनही आत्म्याच्या मोकळेपणाबद्दल बोलता येतं, याचा हवाला भावोजी नेहमी देतात. मान्य. पण विनोबा देशासाठी, कळून-सवरून आत गेले होते. मिठूने कुठलाही सत्याग्रह केलेला नाही. आणि पोपटाला रामनाम शिकवणाऱ्या गणिकेचा उद्धार झाला, ही कथा मी लहानपणापासून ऐकतो. तो पिंजरा कुणी उघडला, असं मात्र मी एकाही कीर्तनात ऐकलं नाही.

भावोजी त्यावर हसले, पण आता वाटी बदलताना हात आत घालून थांबतात. बाहुली स्थिर झाली, पिसं बसली, की मगच वाटी उचलतात. चावणं बरंच कमी झालंय. मला एवढ्याने बरं वाटत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला देशी पोपट घरात पाळायला मुळातच बंदी आहे. "सगळेच ठेवतात," ताई म्हणते. तसाच सोडून दिला तर कातरल्या पंखांनी कावळ्या-घारींच्या तावडीत सापडेल, हे तिचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच मी सांगतो, वनखात्याला फोन कर, ते घेऊन जातील, पंख येईपर्यंत सांभाळतील. ताई म्हणते, गणपती होऊ देत, मग बघू. गणपतीत घर पाहुण्यांनी भरतं, झांजा वाजतात, पोरं पिंजऱ्यात बोटं घालतात. वर्षात सगळ्यांत जास्त तो तेव्हाच चावतो.