राखीव गडी

अमेरिकेतल्या महाविद्यालयांचा फुटबॉल आपल्या फुटबॉलहून अगदी निराळा. बचावाचे ११ गडी मैदानात उतरतात आणि कडेला त्यांचे राखीव गडी उभे असतात. आठवडाभर सरावात हीच पोरे येत्या प्रतिस्पर्ध्याचे सोंग घेऊन आपल्याच संघाच्या चढाईशी झुंजतात. सामन्याच्या दिवशी मात्र कित्येकांच्या कपड्यांना मातीसुद्धा लागत नाही.

मला टोचते ते निराळेच. अशा मुलाची पाळी यायची, तर बहुधा पुढच्याचा गुडघा मोडावा लागतो. मग त्याने रात्री देवापाशी मागायचे तरी काय?

२०१८ साली तिथे नियम झाला : चार सामन्यांपर्यंत खेळले, तरी खेळाडूच्या हक्काच्या चार वर्षांतले एक खर्ची पडत नाही. तेव्हापासून सामना हाताशी आला, की नवख्यांना उतरवणे प्रशिक्षकाला सोपे झाले. यात माया किती आणि उद्याची बेगमी किती, कोण जाणे! पण तेवढा वेळ तरी त्या पोराला कुणाच्या दुखापतीची वाट पाहावी लागत नाही.

मागच्या बाकावरच्या एका मुलाला मी एकदा फळ्यापाशी बोलावले. पहिला नंबरवाला तापाने घरी होता, म्हणून. गणित बरोबर सुटले. तो माझ्याकडे पाहून हसला. मला काही हसता आले नाही.