हजेरी

वैरागात, गावाच्या कडेला एक कैकाडी कुटुंब राहत होतं. आई-बाप ऊसतोडीला गेले की घरात तिघंच उरत. आजी, नात आणि नातू. आजी आणि नात निरगुडीच्या फोकांच्या पाट्या विणून आठवडी बाजारात विकत. नातू बारावीपर्यंत शिकला होता.

एका वर्षी नातवाची झोप गेली. मग जेवण तुटलं. पुढं तो भिंतीशी बोलू लागला. कोणीतरी पाळतीवर आहे, पाण्यात काहीतरी कालवतंय, असं म्हणू लागला. बहीण आधी स्वतः घोटभर पाणी पिई आणि मग तांब्या त्याच्या हातात देई. तेव्हा कुठं तो पाणी घेई.

बाहेरचं आहे, असं लोक म्हणाले. देवऋषी झाला, अंगारे झाले, दोन शेळ्या विकल्या गेल्या. एका रात्री तो ओरडत रस्त्यावर धावत सुटला. सकाळी शेजारी जमले. एक म्हणाला, पोलिसांना बोलवा. दुसरा म्हणाला, साखळीनं बांधा. तिसरा भला होता. तो म्हणाला, सोलापूरला सिव्हिलमध्ये न्या, तिथं या आजाराचे डॉक्टर आहेत.

आजीनं तिघांनाही एकच उत्तर दिलं. "न्हाई."

म्हातारी अडाणी आहे, असं म्हणून लोक पांगले.

मग गावातली आरोग्य स्वयंसेविका, आशाताई आली. पहिल्या दिवशी ती दवाखान्याचं काहीच बोलली नाही. उंबऱ्याशी बसली, चहा प्याली आणि गेली. पुन्हा आली, पुन्हा बसली. असं बरेचदा झालं, तेव्हा आजी आपणहून बोलली.

आजीचा जन्म सोलापूरच्या सेटलमेंटमधला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पुढं कैकाडीही त्यात आले. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. रोज हजेरी असे, बाहेर जायला पास लागे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, तेव्हा आजी परकर नेसणारी पोर होती.

"माझ्या बापाला ताप हुता," आजी म्हणाली. "तरी हजेरीला हुबा केला. सरकारी कागदावर नाव चढलं की माणूस आपला ऱ्हात न्हाई, बाई."

आता तसं काही नसतं, असं आशाताई म्हणाली नाही. ती म्हणाली, "आजी, तुम्ही सोसलंय ते खरं आहे. मी विचारून येते."

चार दिवसांनी ती आली. म्हणाली, "२०१७ साली नवा कायदा झालाय. मनाच्या आजाराच्या माणसाला साखळीनं बांधायला त्यात बंदी आहे. भरती करायची वेळ आली तर त्याची बहीण त्याच्याजवळ राहील." तिनं अवघड गोष्टीही लपवल्या नाहीत. गोळ्यांनी आधी सुस्ती येईल, फरक पडायला काही आठवडे जातील, औषध कदाचित कित्येक वर्षं चालेल.

आजी रात्रभर जागी होती. सकाळी म्हणाली, "मी बी येती."

तिघं एसटीनं सोलापूरला गेली. केसपेपरवर नाव लिहिताना आजीनं नातवाचा दंड घट्ट धरला. डॉक्टरांच्या ते ध्यानात आलं. कागदावर काय लिहिलंय ते त्यांनी आजीला वाचून दाखवलं. मग ते बहिणीकडं वळले. झोप कधी गेली, त्याच्या कानातले आवाज कोणत्या वेळी वाढतात, कशानं तो शांत होतो, सगळं तिला ठाऊक होतं. ती सांगत राहिली, ते लिहून घेत राहिले. तांब्याची गोष्ट ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तो तुमच्या हातचं घेतो. गोळीही तुमच्याच हातून जाऊ द्या. पण तुम्ही झोपता कधी?"

बहिणीला उत्तर देता आलं नाही. तिच्या डोळ्यांना धार लागली. त्या दिवसापासून आजीनं एकाआड एक रात्र स्वतःकडं घेतली.

आवाज लगेच गेले नाहीत. हळूहळू मंद झाले. मधे गोळ्या चुकल्या, आजार उलटला, पुन्हा सोलापूर गाठावं लागलं. या खेपेला आजीला समजवावं लागलं नाही. पुढं नातू फोक सोलू लागला, बाजारात बहिणीशेजारी बसू लागला.

दवाखान्याची अशी भीती फक्त इथलीच नाही. इंग्लंडमध्ये मानसिक आजारासाठी सक्तीनं भरती होण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या तिपटीहून जास्त आहे. तिथल्या कृष्णवर्णीय आयांचे पायही दवाखान्याच्या दारात अडखळतात. मागे सरणाऱ्या माणसापाशी बहुधा एखादी जुनी, खरी हकीकत असते. ती ऐकून घेणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि आजाऱ्याला रात्रंदिवस सांभाळणाऱ्यालाही कोणीतरी सांभाळावं लागतं.

पुढल्या वर्षी पलीकडच्या वस्तीत एका सुनेला असाच त्रास सुरू झाला. घरच्यांनी दार लावून घेतलं. आशाताई निघाली तेव्हा आजीही काठी घेऊन तिच्याबरोबर निघाली.

"आज दवाखान्याचं नाव काढू नगंस," वाटेत आजी म्हणाली. "आधी तिच्या सासूला बोलू दे."