वणवा कोणी विझवायचा?

राखेच्या बुधवारी आमच्या कपाळावर राखेची खूण होते, त्याच सुमारास साताऱ्याकडील डोंगरही राखेने काळवंडू लागतात. मागल्या वर्षीच्या झावळ्या जाळून देवळातील राख तयार होते. डोंगरावरील राख मात्र वाळलेल्या गवताची, कोवळ्या रोपांची आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांची असते. पहिली राख आम्ही नम्रतेने स्वीकारतो. दुसरी कोणाची, असा प्रश्न आम्ही क्वचितच विचारतो.

काही वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळातील एका संध्याकाळी कुटुंबभेटीसाठी आम्ही रहिमतपूरला गेलो होतो. रात्री भोजनापूर्वी यजमानांनी आम्हांस गच्चीवर नेले. पूर्वेस वर्धनगडापासून मच्छिंद्रगडापर्यंत जाणारी जी रांग आहे, तिच्या एका उतारावर आगीची लाल रेघ हळूहळू वर सरकत होती. दुरून ते दृश्य सुंदर दिसत होते, हे कबूल करावयास हवे. मुलांनी ते कौतुकाने पाहिले. कोणी म्हणाले, "दरसाल लागतो." मग खालून हाक आली आणि आम्ही सर्व जेवावयास बसलो. त्याच उतारावर मागील पावसाळ्यात शाळेच्या मुलांनी रोपे लावली होती, हे आम्हांस दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. त्यांतील थोडीच वाचली.

सकाळी आम्ही त्या बाजूस चालत गेलो, तेव्हा एक वृद्ध मेंढपाळ भेटले. आम्ही त्यांना विचारले, "बाबा, हा वणवा कोणी लावला असेल?" ते म्हणाले, "फादर, कोन लावतंय ते समद्यास्नी ठावं असतंय. पर सांगायचं कुनी?" आम्ही पुन्हा विचारले, "मग विझवायला कोणी का गेले नाही?" क्षणभर थांबून ते म्हणाले, "आमच्या आज्याच्या वक्ताला डोंगर पेटला की गाव धावायचं. आता समदं सरकारचं हाय. सरकारचं जळतंय, सरकार इझवंल."

सेमिनरीत नीतिशास्त्राचे अनेक तास आम्ही ऐकले, परंतु हक्क आणि कर्तव्य यांचा संबंध इतक्या थोडक्या शब्दांत कोणी आमच्यापुढे मांडला नव्हता. ज्याचा हक्क काढून घेतला, त्याच्याकडून कर्तव्याची अपेक्षा करावी काय? आणि हक्क नाही म्हणून कर्तव्यही नाही, असे म्हणणे नीतीला धरून आहे काय? या दोन प्रश्नांचा वाचकांसह विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्या वृद्धाच्या बोलण्यामागे मोठा इतिहास आहे. १८७८ च्या वन कायद्याने ब्रिटिश सरकारने विस्तीर्ण प्रदेश 'राखीव' ठरविला आणि गावाच्या पिढ्यान् पिढ्यांच्या वहिवाटीला परवानगीचे रूप दिले. ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात या नव्या जंगलखात्यावर कठोर टीका केली. डोंगर, दऱ्या आणि गायराने खात्याच्या ताब्यात गेल्यावर गरिबाने आपली जनावरे चारावीत कोठे, हे त्यांचे दुखणे होते. पुढे १९३० साली सविनय कायदेभंगाच्या काळात लोकांनी याच कायद्याला आव्हान दिले. तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेल्या आणि आज सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या बिळाशी येथे लोकांनी जंगलातील साग तोडून त्याचा ध्वजस्तंभ उभारला. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे बळी पडली. त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी रायगड जिल्ह्यातील चिरनेर येथेही जंगल सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. आपल्या भागातील स्वातंत्र्याच्या लढ्याचा एक धागा असा थेट जंगलाच्या मालकीशी जोडलेला आहे.

आज लागू असलेला भारतीय वन कायदा १९२७ चा आहे. राखीव वनात आग लावणे हा त्यात गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या ७९ व्या कलमानुसार वनात चराईचा वा लाकूडफाट्याचा हक्क बजावणारे किंवा परवाना घेतलेले लोक वणवा विझविण्यास मदत करण्यास बांधील आहेत. म्हणजे कायद्याने कर्तव्याची गाठ हक्काशी घातली आहे. मेंढपाळबाबांनी कायदा वाचला नसेल, पण त्यातील तर्क त्यांना नेमका उमगला होता. गाठीचे एक टोक सोडले तर दुसरे आपोआप सुटते.

पवित्र शास्त्रातील नाबोथाची कथा आपल्या परिचयाची आहे. राजा अहाबाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. मोबदला द्यावयास राजा तयार होता, परंतु नाबोथाने वाडवडिलांचे वतन विकण्यास नकार दिला आणि त्याचा जीव गेला. सह्याद्रीतील धरणे आणि अभयारण्ये यांसाठी ज्यांनी गावे सोडली, त्यांची गोष्ट वाचताना आम्हांस नाबोथ आठवतो. कोयनेचे धरण झाले, वारणेचे झाले. पुढे कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्याचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर आहे. या प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी आपले घर, देऊळ आणि शेत मागे ठेवून निघाले. पुनर्वसनासाठी त्यांना दीर्घकाळ आंदोलने करावी लागली.

तथापि नाबोथाची उपमा येथे सर्वस्वी लागू पडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अहाबाला स्वतःच्या भाजीच्या वाफ्यासाठी जमीन हवी होती. जंगल राखण्याचा हेतू तसा नव्हे. कोयना आणि वारणा यांचे पाणी ज्या डोंगरांत मुरते, ते डोंगर उघडे पडले तर कऱ्हाड-सांगलीपर्यंतची माणसे त्याचे फळ भोगतील. वाघ राखणे म्हणजे त्याच्या पायाखालची माती आणि झरेही राखणे होय. हेतू चांगला, परंतु त्याची किंमत दुबळ्यांनीच भरावी, असा हा पेच आहे. हेतू चांगला असल्याने अन्याय धुऊन निघत नाही, ही आपली जुनी शिकवण आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. हक्क दिले की जंगल आपोआप वाचेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. डोंगर पेटविणारा बहुधा गावातलाच असतो. जाळल्यावर नवे गवत जोमाने फुटते अशी समजूत असते. कोणी शिकारीसाठी आग लावतो, कोणी उसाचे पाचट किंवा बांध पेटवून निष्काळजीपणे निघून जातो, कोणी जळती विडी फेकतो. आपल्या देशातील बहुतेक वणवे मनुष्याच्याच हातून लागतात. पहिल्या पावसात उघडी माती वाहून जाते, रोपे नष्ट होतात आणि दरसालच्या आगीने व अतिचराईने चांगले गवत मागे पडून कुसळी माजते. ज्याच्यासाठी आग लावली, ते जनावरच अखेर उपाशी राहते.

या आत्मपरीक्षणातून आपला ख्रिस्ती समाजही सुटत नाही. पश्चिम घाटाच्या रक्षणासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने २०११ साली आपला अहवाल दिला. ग्रामसभांना विचारून निर्णय घ्यावेत, असा तिचा आग्रह होता. तरीही घाटातील अनेक राज्यांत विरोध झाला. २०१३ साली कस्तुरीरंगन समितीने त्यातील निर्बंध बरेच सौम्य केले, तरी विरोध शमला नाही. केरळच्या डोंगराळ भागातील त्या विरोधात आपल्या धर्मबांधवांचा व काही धर्मगुरूंचा मोठा वाटा होता. त्यांची भीती खोटी नव्हती. लहान शेतकऱ्याला आपली जमीन जाईल असे वाटले, तर तो उठणारच. परंतु त्या भीतीच्या आडून खाणवाले व बांधकामवालेही आपला कार्यभाग साधून घेतात, हे आपण ओळखावयास हवे होते. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळून घरेच्या घरे गाडली गेली. २०२४ च्या जुलैत केरळमधील वायनाडने त्याहून भयंकर रात्र पाहिली. अतिवृष्टी हे त्याचे तात्कालिक कारण खरे, पण डोंगराशी आपण कसे वागतो, हा प्रश्न पावसावर ढकलता येत नाही.

मग मार्ग कोणता? २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या सामूहिक हक्काला मान्यता दिली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. परंतु तो मिळण्याच्या कितीतरी आधीपासून ते गाव एकत्र बसून, चर्चा करून, सर्वसहमतीने आपले जंगल राखीत होते. हक्काची वाट पाहत त्यांनी कर्तव्य थांबविले नाही, आणि कर्तव्य करीत असताना हक्काचा आग्रहही सोडला नाही. आमच्या पहिल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर आम्हांस येथे दिसते.

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने मनुष्याला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. त्या वेळी बाग त्याच्या नावावर करून दिल्याचा उल्लेख नाही. राखणीचे कर्तव्य मालकीतून नव्हे, तर दानातून येते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० च्या विश्वशांती दिनाच्या संदेशात निसर्गाच्या संकटाला नैतिक प्रश्न म्हटले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लौदातो सी' या विश्वपत्रात पृथ्वीचे दुःख आणि गरिबांचे दुःख वेगळे करता येत नाही, असे शिकविले. ब्राझीलमध्ये सिस्टर डोरोथी स्टँग यांनी गरीब शेतकरी आणि ॲमेझॉनचे अरण्य या दोहोंची बाजू एकाच वेळी घेतली. १२ फेब्रुवारी २००५ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. जंगल हवे की माणूस, अशी निवड त्यांनी कधी केली नाही.

म्हणून आमचे मत असे की, हक्क हिरावला गेला तरी राखणीचे कर्तव्य उरतेच. मात्र ज्यांनी हक्क हिरावला, त्यांच्या माथी दुहेरी भार येतो. एक अन्यायाचा, आणि दुसरा लोकांच्या मनातील आपलेपणा विझविल्याचा. पण त्यांच्याकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. आग लावणारा दोषी आहे, जाणून गप्प बसणारा दोषी आहे, आणि गच्चीवरून पाहून जेवावयास बसणाराही दोषी आहे. करावयाचे सोडून दिल्याचे पाप आपण दर मिस्सेच्या आरंभी कबूल करतो. त्या रात्रीचे जेवण आम्ही तेव्हापासून त्या कबुलीत धरतो.

पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा रहिमतपूरला गेलो. दोन-तीन कुटुंबांतील तरुण, शाळेची काही मोठी मुले आणि ते मेंढपाळबाबा यांनी उरलेल्या रोपांभोवतीचे गवत कापून जाळरेषा काढली होती. गवताचे भारे बाबांनी मेंढरांसाठी नेले. गवत कापून नेण्याचा त्यांचा हक्क तेवढ्यापुरता कोणी नाकारला नाही, आणि त्या साली त्या पट्ट्यात आग शिरली नाही. काम लहान होते. डोंगर अजून मोठा आहे आणि येत्या प्रायश्चित्तकाळापूर्वी गवत पुन्हा वाळणार आहे. आपल्या धर्मग्रामाजवळच्या डोंगराला कोणी जाळरेषा काढली आहे काय, एवढे वाचकांनी यंदा वेळेवर विचारावे आणि उत्तर नकारार्थी आले तर विळा घेऊन निघावे.